पाऊण तासाची उदबत्ती

आमच्या घरात उदबत्ती दोन कामांना लागायची, रविवारच्या वंदनेला आणि विमानाला. परवा हे मी सहज बोलून गेले, तर धाकट्या नातीनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. “विमानाला? आजी, आर यू सीरियस?” सीरियस होते. तिला सांगायला लागले आणि मध्येच चहाचं निमित्त करून उठले, कारण या गोष्टीत तिची आजी फारशी चांगली दिसत नाही. तोंडी सांगताना माणूस स्वतःला सांभाळून घेतो. लिहितानाही घेतो, पण निदान खोडलेलं दिसतं. म्हणून लिहायला बसले आहे.

विलायतेत, बेसिंगस्टोकला, आमचं घर म्हणजे कौन्सिलच्या भाड्याच्या घरांच्या रांगेतलं मधलं घर. खाली एक खोली आणि किचन, वर दोन खोल्या, मागे हातरुमालाएवढी बाग. मी अकरा वर्षांची असताना आम्ही खडकीहून इथे आलो. वडिलांना मी अण्णा म्हणायचे. खडकीला ते मशीन शॉपमध्ये होते, इथे एका कारखान्यात इन्स्पेक्टर झाले. इन्स्पेक्टर म्हटल्यावर खडकीच्या नातेवाइकांना पोलिसातला वाटायचा आणि आई त्यांचा गैरसमज कधी दूर करायची नाही. प्रत्यक्षात अण्णा दिवसभर एका उंच टेबलाशी उभं राहून धातूचे बारके बारके भाग मोजायचे आणि चालेल किंवा चालणार नाही, असा शिक्का मारायचे. केसाच्या जाडीचा फरक असला तरी चालणार नाही. कारखान्यात त्यांना ‘मिस्टर नो’ म्हणत. अण्णांना त्याचं काही वाटत नसे. “मला ‘नाही’ म्हणायचाच पगार मिळतो,” ते म्हणायचे. “‘हो’ काय, कोणीही म्हणतं.”

हा पगार घरात मात्र कोणी देत नव्हतं, तरी अण्णा ड्युटीवरच असायचे. शिडी चढायच्या आधी शिडी हलवून बघायची. प्रेशर कुकरची रिंग दर महिन्याला काढून उजेडात धरायची. माझ्या शाळेच्या ट्रिपचा फॉर्म आला की बसची कंपनी कुठली, हे विचारून यायला लावायचे आणि मी लाजेनं अर्धी होऊन टीचरसमोर उभी राहायची. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. ती दमून यायची, चपात्या लाटायची आणि अण्णा ताटात चपाती उलटसुलट करून बघायला लागले की म्हणायची, “मायक्रोमीटर आणू का? कडेला जाड निघाली तर परत पाठवा हो.” अण्णा हसायचे. ते फार छान हसायचे, पण आवाज न करता, त्यामुळे पुष्कळ लोकांना ते हसतात हेच माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी आमच्याकडे वंदना असायची. तेव्हा आपली माणसं थोडी होती. मेडनहेडहून शांताकाकू यायच्या, आणखी दोन कुटुंबं यायची. पुढच्या खोलीतला सोफा भिंतीला लागायचा, खाली चादर, समोर बुद्धांची छोटी मूर्ती आणि आमच्या प्रत्येक घरात असतात ते दोन फोटो. अण्णा उदबत्ती लावायचे, पंचशील एकेक म्हणायचे आणि आम्ही सगळे मागून म्हणायचो. मग डोळे मिटून बसायचं, उदबत्ती संपेपर्यंत. साउथॉलच्या भारतीय दुकानातून आणलेली ती जाडसर उदबत्ती पाऊण तास चालायची आणि मला तो पाऊण तास शाळेच्या पूर्ण टर्मएवढा वाटायचा. नाकाशी उदबत्तीचा वास, त्यामागून आईनं मंद आचेवर ठेवलेल्या सुकटीचा, आणि माझ्या डोक्यात एकच विचार, की शेजारच्या मिसेस डॉबसननं आज तरी खिडकी धाडकन लावू नये.

आता विमान. अण्णांच्या कारखान्यात टूलरूममध्ये डेरेक नावाचे एक गृहस्थ होते, गोल, लालबुंद आणि अखंड शिट्टी वाजवणारे. ते आणि काही रिटायर्ड मंडळी गावाबाहेरच्या एका शेडमध्ये एक बायप्लेन बांधत होती. बायप्लेन म्हणजे दुमजली पंखांचं विमान. त्या भागात फार पूर्वी पिनॉक नावाचा एक माणूस होऊन गेला होता. चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. अमेरिकेत सायकलवाल्या दोघा भावांनी विमान उडवलं असं त्यानं पेपरात वाचलं, आणि लाकूड, तार, कापड आणि ऑर्गनच्या भात्याचं कातडं या चार गोष्टींवर त्यानं स्वतःचं विमान उभं केलं. ते त्याच गावाबाहेरच्या शेतात उडालं. माणूस आपलं नाव आणि पत्ता सांगेल, एवढा वेळ उडालं. त्याची वही आणि तीन फोटो उरले होते. त्यावरून हे लोक हुबेहूब तसंच विमान करत होते. तारांना जोडायचे बारके स्क्रू कोणी तपासून देईल का, असं डेरेकनी विचारलं आणि अण्णा ‘बघून येतो’ म्हणून गेले. त्यानंतर दोन वर्षं आमचे शनिवार त्या शेडमध्ये गेले.

सुरुवातीला मी पंधरा वर्षांची होते. शनिवारी मुली टाउन सेंटरला जायच्या आणि मी वडिलांबरोबर शेडमध्ये, म्हणून पहिल्यांदा तोंड फुगवून गेले. आत शिरल्यावर नाकात वास गेला तो पेअरड्रॉपच्या गोळ्यांचा. पंखांवरचं कापड ताठ बसावं म्हणून त्याला डोप नावाचं एक व्हार्निश लावतात, त्याचा तो वास. आणि मध्यभागी ते विमान. ना खिडक्या, ना दरवाजे. एकावर एक दोन लांब पंख, मध्ये काठ्या आणि सगळीकडे तारा. आई पहिल्यांदा आली तेव्हा कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, “एवढं मोठं कपडे वाळत घालायचं स्टँड? माझ्या लाँड्रीत द्या की.” पण हळूच खालच्या पंखावर तिनं बोटानं टिचकी मारली. ढोलकीसारखा आवाज आला. तिनं आणखी एकदा मारली. अण्णा तारेवर टिचकी मारून कान लावायचे, एक तार दुसरीपेक्षा चढी वाजली की स्क्रू अर्धा फेरा सैल करायचे. त्या आवाजाची मला इतकी सवय झाली की अजूनही घराच्या तारेच्या कुंपणाला हात लागला की मी कान देते.

विमान उडवणार होती मॉरीन. पन्नाशीची, किरकोळ अंगाची, पेशानं डिस्ट्रिक्ट नर्स, घरोघर जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधणारी. सुट्टीत ग्लायडर उडवायची. पिनॉकच्या विमानात बसायचं म्हणजे खालच्या पंखाच्या पुढच्या कडेवर वेताच्या खुर्चीत, पाय मोकळ्या हवेत, मागे इंजिन. बाकीच्या पुरुषांची वजनं बघता त्या विमानानं त्यांना उचललं नसतं. आईनं दिलेली लसणाची चटणी मॉरीन चीज सँडविचमध्ये भरून खायची, डोळ्यांतून पाणी काढायची आणि “अगदी भयंकर आहे, अजून आहे का?” असं विचारायची. माझ्याशी ती मोठ्या माणसाशी बोलावं तशी बोलायची. त्या वयात मला तसं कोणीच वागवत नव्हतं. मला ती फार आवडायची, हे इथेच सांगून टाकते.

पिनॉकची वही अण्णांनी घरी आणून डिक्शनरी घेऊन वाचली होती. त्यांना त्यातली उड्डाणाची पानं नाही, न उडालेल्या दिवसांची पानं आवडायची. त्या काळची ही विमानं इतकी हलकी आणि अशक्त, की झाडाचं पान हलण्याएवढा वारासुद्धा त्यांना उलथवायचा. म्हणून ते लोक पहाटे किंवा संध्याकाळी, हवा पडलेली असताना, शेतात जाऊन नुसते उभे राहायचे. पिनॉक चिरूट पेटवून धूर बघायचा आणि वहीत लिहायचा, ‘धूर आडवा. घरी.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पानंच्या पानं. अण्णा मला ती दाखवून म्हणाले, “उडालेल्या लोकांची नावं सगळे सांगतात, मित्रा. हा माणूस किती वेळा उडाला नाही, ते बघ.” मित्रा हे माझं नाव. त्यांना तो ऑर्गनवाला त्यांच्याच खात्यातला वाटत होता, हे मला आता कळतं.

अण्णा विडीकाडी काही ओढत नसत. त्यांनी चिरुटाऐवजी उदबत्ती काढली. शेताच्या कडेला वारा दाखवणारा कापडी विंडसॉक होता, पण तो हलायलाच पुष्कळ वारा लागतो. उदबत्तीचा धूर मात्र कोणी शेजारून श्वास सोडला तरी सांगतो. विमान तयार व्हायच्या आधीपासूनच त्यांनी सरावाला पद्धत बसवली, आणि अण्णांची पद्धत म्हणजे पद्धत. एका काडीनं दोन उदबत्त्या एकदम पेटवायच्या. एक विमानापाशी, अण्णांच्या पायाजवळ मातीत. दुसरी घेऊन मी शेताच्या दुसऱ्या टोकाला जायचं, तिथे हेजमध्ये, म्हणजे झुडपांच्या कुंपणात, फाटकाची मोकळी जागा होती. त्या खिंडारातून कधी कधी असा वारा यायचा की जो बाकी शेताला कळायचाही नाही. उदबत्ती निम्मी होईपर्यंत नुसतं बघायचं. धूर सरळ वर गेला तर मी पांढरा फ्लॅग वर करायचा, नाही तर लाल. फ्लॅग वर गेला की त्याच क्षणी दोघांनीही उदबत्ती मातीत विझवायची आणि उरलेली काडी जपून ठेवायची. घरी आल्यावर अण्णा दोन्ही काड्या एका वहीत शेजारी शेजारी सेलोटेपनं चिकटवायचे आणि पुढे लिहायचे, कुठे धूर कसा होता, उडायला चालेल की नाही. धूर दोन्हीकडे सरळ असला, तरी माझी काडी त्यांच्यापेक्षा नखभर आखूड असायची. “चालताना हवा लागते ना, लवकर जळते,” ते म्हणायचे. मला ते सगळं भयंकर बोअरिंग वाटायचं. आई वेगळ्याच कारणानं वैतागायची, “वंदनेच्या उदबत्त्या सगळ्या त्या शेतात जाळा. एक दिवस भगवंतापुढे मॉस्किटो कॉइल लावते.”

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात विमान तयार झालं. कमिटीचे चेअरमन मिस्टर हॉलोवे, ब्लेझर घालणारे आणि अण्णांचं नाव दोन वर्षांत एकदाही नीट न उच्चारलेले, त्यांनी गावाला बोलावणं धाडलं. पिनॉक जिथे उडाला तिथे पिनॉकचं विमान पुन्हा उडणार. लोक आले, खुर्च्या आल्या, केक आले. पहिल्या संध्याकाळी धूर आडवा. अण्णांनी नाही सांगितलं. दुसऱ्या संध्याकाळी नाही. तिसऱ्या संध्याकाळी वर्गातली कॅरन आली होती. मी लाल फ्लॅग घेऊन परत आले तेव्हा ती तिच्या भावाला विचारत होती, “तो माणूस प्रार्थना करतो आहे का?” भाऊ म्हणाला, “त्या काडीला विचारून विमान उडतं.” आणि दोघं खिदळली. हॉलोवे मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आपल्याकडे विंडसॉक आहे ना, की आता जॉसस्टिकवर चालणार आहोत?” अण्णा शांतपणे म्हणाले, “नॉट टुडे, सर. टुमॉरो मेबी.” मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं. विंडसॉक खरोखरच काठीला चिकटून लोंबत होता.

चौथी संध्याकाळ शेवटची. त्या आठवड्यात शेतमालक नांगर घालणार होता, म्हणजे मग सरळ पुढचं वर्ष. लोकल टीव्हीचा कॅमेरा आला होता. अण्णांनी नेहमीसारखी एका काडीनं दोन उदबत्त्या पेटवल्या आणि माझी माझ्या हातात देताना म्हणाले, “घाई नाही.” मी निघाले. मागून कॅरनचा आवाज आला. ती काय म्हणाली ते कळलं नाही, फक्त हसणं कळलं.

फाटकापाशी पोहोचून मी उदबत्ती रोवली. धूर आडवा होता. थोडा वेळ सरळ झाला, पुन्हा गवतावर झोपला. हे मी चाळीसहून जास्त वर्षं मनात घासूनपुसून बघितलं आहे, त्यात संशयाला जागा नाही. कधी सरळ कधी आडवा, असाही नव्हता. एकदाच चार श्वास सरळ होता आणि बाकी सगळा वेळ आडवा. टोकाचा निखारा लाल होऊन चटचट खाली सरकत होता. मी शेताच्या त्या टोकाला बघितलं. अण्णा, एवढेसे, ब्राउन कोटात, उदबत्तीशी वाकलेले. त्यांच्यामागे खुर्च्यांची रांग. त्या सगळ्यांसमोर ते पुन्हा एकदा ‘नॉट टुडे, सर’ म्हणणार होते आणि मी त्यांची मुलगी म्हणून शेजारी उभी राहणार होते. अण्णांची लाज वाचवावी असं माझ्या मनात आलं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मला माझी लाज वाचवायची होती. मी पांढरा फ्लॅग वर केला.

इंजिन सुरू झालं. विमान गवतावरून उड्या मारत आलं आणि एका उडीनंतर खाली आलंच नाही. दोन पुरुष उंचीवर, तारा गुणगुणताहेत, मॉरीनचे पाय हवेत. लोकांचा ‘ओऽऽ’ असा आवाज माझ्यापर्यंत आला. मी कधी कोणत्याही गोष्टीवर एवढी खूश झाले नव्हते. विमान फाटकासमोर आलं, माझ्या बाजूचा पंख कोणी हातानं उचलावा तसा उचलला गेला, पलीकडचा गवताला टेकला, आणि मग लाकूड मोडण्याचा आवाज. तो आवाज खूप वेळ चालला. शेवटी एक तार तुटून वाजली आणि थांबली. मी पळत गेले तेव्हा मॉरीन गवतावर पडून आकाशाकडे बघत अगदी नर्ससारखं सांगत होती, “कॉलरबोन. मनगट पण. मला कोणी हलवू नका.”

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये कमिटी बसली. मी अण्णांबरोबर गेले होते. सिग्नल कोणी दिला, असं हॉलोवेंनी विचारलं. दुसऱ्या टोकाला कोण होतं, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. पोरगी म्हणजे त्यांच्या हिशेबी फ्लॅगची काठी. अण्णा उभे राहिले. “आय गेव्ह द सिग्नल. इट इज माय रिस्पॉन्सिबिलिटी.” एवढंच. डेरेकनी शिट्टी थांबवून खाली बघितलं. अण्णांनी पुन्हा शेडवर येऊ नये, असं ठरलं. मी मूग गिळून बसले होते. अण्णांनी स्वतःचा मायक्रोमीटर डबीत ठेवला, डबी खिशात टाकली आणि आम्ही बसनं घरी आलो. घरी आल्यावर त्यांनी हात पुढे केला. “काडी?” ती माझ्या कोटाच्या खिशात होती. त्या सगळ्या गोंधळातही मी सवयीनं उदबत्ती विझवून खिशात टाकली होती. मी ती दिली. त्यांनी वही उघडली, दोन्ही काड्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि थांबले. त्यांची चार बोटं उरली होती, माझी जेमतेम दीड. सारख्याच वेळी पेटलेल्या, सारख्याच वेळी विझलेल्या. पाऊण तासाची उदबत्ती वाऱ्यात किती भरभर जळते, हे त्या माणसाइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी दोन्ही काड्या नीट चिकटवल्या. पुढे काहीच लिहिलं नाही. पेन मिटलं, वही फडताळात ठेवली आणि आईला विचारलं, “चहा टाकतेस का?”

तो आठवडा कसा गेला ते सांगता येणार नाही. आई लाँड्रीतून येताना मॉरीनच्या वॉर्डात डोकावून यायची आणि जेवताना सांगायची, “आज बसली होती उठून. चटणी मागत होती.” मी ताटातला भात चिवडत राहायची. अण्णा माझ्याशी नेहमीसारखं बोलत होते, हेच सहन होत नव्हतं. ओरडले असते तर मी पण ओरडले असते आणि मोकळी झाले असते. मनातल्या मनात मी वकिली करत होते. मी खोटं कुठे बोलले? मी तर काही बोललेच नाही, नुसती काठी वर केली.

रविवारी शांताकाकू आल्या, बाकीचे आले. अण्णांनी उदबत्ती लावली आणि म्हणाले, “मित्रा, आज तू म्हण. आम्ही मागून म्हणतो.” यात विशेष काही नव्हतं, मुलांना अधूनमधून सांगतच असत. मी पहिलं शील म्हटलं, दुसरं, तिसरं. सगळे मागून म्हणत गेले. चौथं खोटं न बोलण्याचं. माझं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. शांताकाकूंना वाटलं विसरली, त्यांनी प्रेमानं पहिला शब्द पुरवला. आईनं एक डोळा उघडून बघितलं. अण्णांनी डोळे उघडले नाहीत. ते वाट बघत होते, शेतात बघायचे तशी. मी कसंतरी ते म्हटलं, आणि माझ्या मागून त्या सगळ्या चांगल्या माणसांनी ते म्हटलं. मला तेव्हा जे वाटलं त्याला शरम हा शब्द पुरत नाही.

जेवणं झाल्यावर अण्णा मागच्या बागेत टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. मी जाऊन उभी राहिले. “अण्णा, धूर आडवा होता.”

“माहीत आहे.”

“तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?”

त्यांनी आधी सुतळीची गाठ पूर्ण केली. “तिथे तुला मी उभं केलं. तीन दिवस तुला काय काय ऐकावं लागलं, ते मला पण ऐकू येत होतं. तरी चौथ्या दिवशी तुलाच पाठवलं. ती चूक माझी. त्यांना तेवढंच सांगितलं.”

“मी खोटं बोलले नव्हते, नुसता फ्लॅग...”

“मॉरीननी तो फ्लॅग बघून इंजिन चालू केलं,” अण्णा म्हणाले. “ती काय बघत होती मग?” मी रडायला लागले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, मातीचा हात. आणि म्हणाले, “मॉरीनला सांगायला मी येणार नाही. ते तुझं तुला करायचंय, बाळ. बसचे पैसे आईकडून घे.”

मॉरीन हॉस्पिटलमधून तिच्या घरी आली होती. दार उघडायला तिला बराच वेळ लागला. उजवा हात गळ्यात, मनगटाला प्लास्टर. मी दारातच सगळं सांगितलं, पाठ करून गेले होते तसं. तिचं बोलणं इंग्रजीतलं, पण मला आता ते मराठीतच आठवतं, का कोण जाणे. “मला तुझा फार राग आला आहे,” ती म्हणाली. “इतक्यात जाणारही नाही. आत ये आणि किटली ठेव, मला उचलवत नाही.” मी चहा केला. निघताना तिनं विचारलं, “पुढच्या वर्षी पुन्हा उडवायचं आहे. फाटकापाशी कोण उभं राहणार?” मी म्हटलं, दुसरं कोणीही. “नाही,” ती म्हणाली. “आता तिथे धूर आडवा झाला तर काय होतं, ते तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?”

घरी आले तेव्हा टेबलावर वही उघडी होती आणि शेजारी पेन. आठवडाभर मला वाटत होतं, ती रिकामी जागा म्हणजे अण्णांनी मला दिलेली शिक्षा आहे. ती जागा त्यांनी माझ्यासाठी सोडली होती. मी लिहिलं, ‘फाटकाकडे धूर आडवा. तरी पांढरा फ्लॅग दिला.’ आणि खाली नाव. अण्णांनी वाचलं, माझ्या सहीखाली स्वतःची सही केली आणि वही बंद केली. मॉरीननं कमिटीला काय सांगितलं ते मला माहीत नाही. पंधरा दिवसांनी हॉलोवे ब्लेझर घालून आमच्या दारात उभे राहिले आणि अण्णांचं नाव चुकतमाकत, पण पूर्ण म्हणाले. आईनं त्यांना सुकटीचा वास असलेल्या खोलीत बसवून चहा पाजला, खिडकी मुद्दाम बंद ठेवून.

पुढे मी फार्मासिस्ट झाले. तीस वर्षं दुसऱ्यांच्या गोळ्या दोनदा मोजल्या. कोणी घाई केली की माझ्या नाकाला उदबत्तीचा वास यायचा. लोक मला खडूस म्हणायचे, म्हणू देत.

पण त्याआधी, अपघाताच्या पुढच्या उन्हाळ्यात, विमान पुन्हा उभं राहिलं. यावेळी खुर्च्या नव्हत्या, कॅमेरा नव्हता, फक्त शेडमधली माणसं आणि आई. पाच संध्याकाळी मी लाल फ्लॅग दिला. सहाव्या संध्याकाळी अण्णांनी उदबत्त्या पेटवल्या, माझी माझ्या हातात दिली आणि काही बोलले नाहीत. मी निखाऱ्यापुढे तळहाताचा आडोसा धरून, एकेक पाऊल टाकत शेत ओलांडलं. फाटकापाशी धूर दोऱ्यासारखा सरळ वर गेला. मी बघत राहिले. निम्मी झाली, धूर सरळ. आणि माझा हात वर जाईना. लाल फ्लॅग द्यायला काही कारण नव्हतं आणि पांढरा द्यायची हिंमत नव्हती. तिकडे मॉरीन वेताच्या खुर्चीत बसून होती. अण्णा माझ्याकडे बघत उभे होते. त्यांनी हात केला नाही, हाक मारली नाही. दोन बोटं उदबत्ती उरली तेव्हा मी ‘हो’ म्हटलं.

मॉरीन माझ्या डोक्यावरून गेली, पाय हलवत. गेली, हेज ओलांडून गेली, आणि पलीकडच्या शेतात अलगद बसली. डेरेक नाचत होते. आई टाळ्या वाजवत होती. मी उदबत्ती विझवली आणि काडी मुठीत घेऊन अण्णांकडे चालत आले. त्यांनी ती घेतली, खिशातून स्वतःची काढली आणि तळहातावर दोन्ही शेजारी ठेवल्या. मग मोजपट्टी काढून मोजल्याही, कारण अण्णा ते अण्णाच. नखभराचाही फरक नव्हता.

“सावकाश चाललीस,” ते म्हणाले.